कॉलेज आणि कारखान्याचं जमवायचं कसं: फौंड्रीच्या गावातून एक सविस्तर गाईड

आमच्या कॉलेजात एक लोखंडी कपाट आहे, त्यात २३ एमओयू, म्हणजे कंपन्यांशी केलेले सहकार्याचे करार, होते. मस्त स्पायरल बाइंडिंग, प्रत्येकात प्रिन्सिपॉल सर आणि कुठल्यातरी कंपनीचे एचआर हातात हात घालून, मागे फ्लेक्स. कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकची टीम यायच्या आधी माझ्या गळ्यात काम पडलं की यातले ‘फंक्शनल’ किती ते काढा, म्हणजे कुठल्या एमओयूखाली गेल्या वर्षभरात खरंच काही घडलं. मी फोन लावत सुटलो. चार ठिकाणी तो एचआरच सोडून गेलेला, दोन कंपन्यांना टाळं, बाकीच्यांना आमचं कॉलेज कुठलं हे सांगण्यातच पाच मिनिटं गेली. खरं काम चालू असलेलं एकच ठिकाण सापडलं आणि गंमत म्हणजे तिथे एमओयूच नव्हता. जवळची एक फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचा कारखाना, आमचा लॅब असिस्टंट आणि सँड टेस्टिंगचं जुनं सामान. ते पिशवीत वाळूचं सँपल पाठवायचे, हा टेस्ट करून रिपोर्ट द्यायचा, पावती फाडायचा, विषय संपला. सहा वर्षं चालू होतं म्हणे, आणि आम्हा प्राध्यापकांपैकी कुणाला पत्ताच नाही.

त्यामुळे हा लेख उलट्या क्रमाने आहे. आधी टेस्टिंग, मग एक छोटं पैशाचं काम, मग मोठं काम, आणि एमओयू सगळ्यात शेवटी. मी कोल्हापूर भागातला, मेकॅनिकल-प्रोडक्शन शिकवतो, म्हणून उदाहरणं फौंड्रीची येतील, तुम्ही तुमच्या गावचं घाला, सोलापूरला टॉवेल, नाशिकला द्राक्ष, जळगावला केळी नि ड्रिप, लोटे-चिपळूणला केमिकल. आयआयटीवाल्यांनी वाचलं नाही तरी चालेल, मुंबई आयआयटीत यासाठी आयआरसीसी नावाचं अख्खं ऑफिस आहे. हे आहे जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक आणि सायन्स कॉलेजसाठी, जिथे ‘इंडस्ट्री इन्स्टिट्यूट इंटरॅक्शन सेल’ म्हणजे एका सरांना दिलेलं जादाचं काम असतं.

आपल्याकडे हे नवीन आहे अशातला भाग नाही. मुंबईचं यूडीसीटी, म्हणजे आजचं आयसीटी, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, १९३३ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालं तेच कापड आणि केमिकलच्या धंद्याला शिकलेली माणसं हवीत म्हणून. तिथले प्रा. एम. एम. शर्मा आयुष्यभर कंपन्यांना सल्ला देत राहिले आणि १९९० ला लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. कन्सल्टन्सी केली की संशोधन बुडतं असं आपल्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं की मी हे नाव घेतो. मांजरीचं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ चं, ते तर साखर कारखान्यांनीच उभं केलं आणि गाळपाच्या टनामागे वर्गणी देऊन चालवलं. इचलकरंजीत डीकेटीई हे टेक्स्टाइलचं कॉलेज १९८२ ला निघालं, गावच मागांचं. तिन्ही ठिकाणी आधी धंद्याची नड होती, मग शाळा आली.

पायरी १: आधी आपलं घर बघा

कंपनीला फोन करायच्या आधी एक आठवडा लॅबमध्ये घालवा. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते सोडा, चालू काय आहे ते बघा. यूटीएम, म्हणजे धातू ओढून-दाबून ताकद मोजायचं मशीन, चालू आहे का, शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, हार्डनेस टेस्टरचा इंडेंटर, म्हणजे टोचायचं टोक, शाबूत आहे का, मायक्रोस्कोपचा कॅमेरा कुणी काढून नेलाय. आणि मशीनइतकंच महत्त्वाचं म्हणजे ते मशीन कोणाला येतं. बहुतेक कॉलेजात उत्तर एकच असतं, एक लॅब असिस्टंट मामा, ज्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं उरलीत. त्यांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या आणि त्यांचा पैशातला वाटा आधी ठरवा, नाहीतर प्राध्यापक पैसे नेतात नि वाळू मामा चाळतात असं होतं आणि सहा महिन्यात मशीन ‘बंद’ पडतं.

मग एका पानाचं रेटकार्ड करा. मराठीत केलं तर उत्तम. कुठली टेस्ट, किती सँपल लागेल, किती दिवसात रिपोर्ट, किती रुपये. ‘आमच्याकडे अत्याधुनिक सुविधा’ वगैरे लिहू नका, मालक लोक ते वाचत नाहीत, त्यांना ‘टेन्साइल, २ पीस, ३ दिवस’ असं दिसलं की कळतं. एनएबीएल, म्हणजे लॅबला मिळणारी राष्ट्रीय मान्यता, मिळालं तर बरंच, मोठ्या पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, रिपोर्ट जोडायचा तर ते मागतात, पण त्याचा खर्च आणि कागदपत्रं बरीच असतात, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्या मागे लागू नका. कारखान्याला स्वतःच्या माहितीसाठी जी टेस्ट हवी असते तिला एनएबीएल लागत नाही, आणि असं काम भरपूर असतं.

पायरी २: कुणाकडे जायचं, कधी जायचं

एचआरकडे जाऊ नका. म्हणजे प्लेसमेंटला जा, पण या कामाला नको. रिजेक्शनचा, म्हणजे बाद होणाऱ्या मालाचा, ताप ज्याच्या डोक्यावर आहे तो माणूस शोधा. छोट्या युनिटमध्ये तो मालक स्वतः असतो, मधल्या कंपनीत क्वालिटीचा मॅनेजर किंवा प्रोडक्शन हेड. सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे आपले जुने विद्यार्थी. दहा-बारा वर्षांपूर्वी पास झालेला, आता कुठेतरी क्वालिटीत सीनियर झालेला, तो ‘सर या की’ म्हणतो आणि गेटवर पास तयार असतो. पंचवीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी स्वतः मालक झालेले असतात पण त्यांना वेळ नसतो, आणि मागच्या वर्षीच्या पोराला अजून कोणी विचारत नाही. दहा-बारा वर्षंवाला बरोबर.

दुसरा रस्ता एमआयडीसीतल्या मालकांची असोसिएशन. त्यांची महिन्याची मीटिंग असते, चहाच्या वेळेला जाऊन बसा, भाषण करू नका, प्रोजेक्टर तर अजिबात नेऊ नका. तिसरा, तुमच्या विद्यापीठाचं नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य असं लांबलचक नावाचं केंद्र, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये त्याची तरतूद आहे. काही विद्यापीठात ते जोरात चालतं, काही ठिकाणी बोर्ड आहे. जाऊन बघायला काय जातंय.

वेळेचं एक सांगतो, हे कोणी लिहीत नाही. आमच्याकडे बऱ्याच कारखान्यांना सोमवारी सुट्टी, कॉलेजला रविवारी. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस आधीच गेले. मार्च एंडला कोणाला भेटायचं नाही, तेव्हा डिस्पॅचची मारामारी असते. दिवाळीच्या आधी बोनसचं टेन्शन. आपली परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे. सगळं वजा केलं की कामाचे महिने उरतात जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै ते सप्टेंबर. पहिली भेट जून अखेरीला ठेवा, काम जुलैत सुरू करा, म्हणजे एका सेमिस्टरमध्ये काहीतरी हाताला लागतं.

पायरी ३: प्रॉब्लेम मागायचा नाही, बघायचा

पहिल्या भेटीत बहुतेक प्राध्यापक विचारतात, ‘तुमच्याकडे काही प्रॉब्लेम असेल तर सांगा, आम्ही प्रोजेक्ट करू.’ मालक म्हणतो, ‘तसं काय नाय ओ, सगळं व्यवस्थित चाललंय.’ आणि भेट संपते. अनोळखी माणसासमोर आपल्या कारखान्याची उणीदुणी कोण काढेल, तुमच्या हातून ती गोष्ट शेजारच्या फौंड्रीत जायला किती वेळ लागतो. त्यापेक्षा म्हणा, ‘एक चक्कर मारू द्या शॉपमध्ये.’ सेफ्टी शूज स्वतःचे घेऊन जा, चप्पल-सँडलवर गेलेल्या प्रोफेसरकडे साचे बनवणारा मोल्डर बघतसुद्धा नाही. आणि आत गेल्यावर फर्नेसकडे धावू नका, फर्नेस सगळेच दाखवतात. फेटलिंग, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायची जागा, तिच्या मागे जिथे रिजेक्शनचा ढीग असतो तिथे जाऊन उभे राहा. हातात एखादा पीस घ्या, उलटा करा, ब्लोहोल, म्हणजे गॅसने पडलेली भोकं, कुठल्या बाजूला आहेत बघा. मग बघा मालक कसा बोलायला लागतो.

आमचं पहिलं खरं काम असंच मिळालं. एक बेअरिंग हाउसिंग, ग्रे आयर्न, मधे बऱ्यापैकी मोठा कोअर, म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो गाभा. ब्लोहोलमुळे रिजेक्शन ११ टक्क्यांच्या आसपास. त्यांनी बरंच करून पाहिलं होतं, वाळू बांधायच्या बेंटोनाइट मातीची कंपनी बदलली, गॅस बाहेर जायचे व्हेंट वाढवले, पोअरिंग टेम्परेचर वाढवलं, मोल्डरला शिव्या घातल्या. मी चार पोरं पाठवली, फायनल इयरची, आणि त्यांना एकच काम दिलं: काही सुचवायचं नाही, तोंड उघडायचं नाही, फक्त वही भरायची. हीट नंबर म्हणजे कितवं वितळण, साच्याचा बॉक्स किती वाजता बंद केला, सँडचं तापमान, मॉइश्चर, वाळू किती दबते ती कॉम्पॅक्टेबिलिटी, कोअर बसवल्यापासून ओतेपर्यंत किती मिनिटं गेली, आणि तो पीस पास का फेल. तीन आठवडे, दोन्ही शिफ्ट.

पहिल्या आठवड्यात पोरं कंटाळली, ‘सर यात रिसर्च काय आहे’ म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात एक्सेलमध्ये टाकलं तेव्हा दिसलं की सकाळी पहिल्या दोन-तीन तासात रिजेक्शन जवळपास नाहीच, दुपारनंतर चढत जातं. मॉइश्चर मात्र कागदावर दिवसभर बरोबर, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मग सँडच्या तापमानाच्या कॉलमकडे लक्ष गेलं. हा जॉब जड, बॉक्समध्ये धातूच्या मानाने वाळू कमी, सलग तोच जॉब लावला की नॉकआउटची, म्हणजे साचा फोडून निघालेली, वाळू गार व्हायच्या आत परत मिक्सरला येते. गरम वाळूतली वाफ थंड कोअरवर जाऊन बसते, आणि वरून १४०० डिग्रीच्या घरातला धातू आला की त्या पाण्याचा गॅस होणार, तो जाणार कुठे, कास्टिंगमध्येच. सुपरवायझरला हे माहीत नव्हतं असं नाही, म्हणाला, ‘सर, वाळू गरम असते हे मी पण बोललो होतो.’ फक्त किती वाजल्यापासून, किती गरम झाली की किती पीस जातात, हे कागदावर कधी आलं नव्हतं.

उपाय फुकटातला निघाला. तो जॉब सलग न लावता मधे हलके बॉक्स घालायचे आणि कोअर अगदी ओतायच्या आधी बसवायचा. दोन महिन्यांनी रिजेक्शन ४ टक्क्यांच्या आसपास आलं. या कामावर कुठल्या स्कोपस जर्नलमध्ये पेपर छापून येणार नाही हे खरं आहे. पण पुढच्या महिन्यात मालकाचा स्वतःहून फोन आला आणि त्याने शेजारच्या दोन युनिटलाही आमचा नंबर दिला.

इथे एक हिशेब डोक्यात ठेवा, मालकाशी बोलताना हीच भाषा लागते. महिन्याला १०० टन ओतणारी फौंड्री, रिजेक्शन ५ टक्क्यांनी उतरलं तर ५ टन वाचलं. धातू परत वितळतो हो, पण वीज, वाळू, मजुरी, फेटलिंग हे सगळं पाण्यात जातं, किलोमागे नुसते २५ रुपये नुकसान धरलं तरी महिन्याला सव्वा लाख. तुम्ही ६० हजाराचं कोटेशन दिलं तर त्याला ते महाग वाटणार नाही, फक्त हा हिशेब तुम्ही त्याच्यासमोर त्याच्याच आकड्यांनी करायचा.

आणि सुरुवातीला डोकं शांत ठेवा. आपल्याला शिकवतात त्या टीआरएलच्या, म्हणजे तंत्रज्ञान वापरायला किती तयार आहे ते सांगणाऱ्या, १ ते ९ पट्टीवर कॉलेजचं संशोधन ३-४ वर असतं, कारखान्याला हवं असतं ते ८-९ चं, उद्या सकाळी शिफ्टला लावता येईल असं. मधलं अंतर कोण भरणार आणि कोणाच्या पैशाने, यावरच निम्मी भांडणं होतात. म्हणून पहिलं काम नेहमी ‘मोजून सांगतो’ या प्रकारचं घ्या, ‘नवीन बनवून देतो’ या प्रकारचं नको.

पायरी ४: कोटेशन, पैसे आणि जीएसटी

पहिलं काम फुकट करायचं का? बरेच जण म्हणतात ओळख वाढवायला करावं. माझं मत, करू नका. फुकटच्या कामाला कारखाना माणूस देत नाही, डेटा देत नाही, आणि रिपोर्ट कोणी उघडत नाही. रक्कम छोटी ठेवा, १५-२० हजार पण चालतील, पण पीओ, म्हणजे कंपनीची लेखी ऑर्डर, घ्या. पीओ निघाला म्हणजे तुमचं नाव त्यांच्या सिस्टिममध्ये व्हेंडर म्हणून आलं, पुढचं सोपं.

कोटेशन एक पानाचं. काय करणार, काय करणार नाही (हे जास्त महत्त्वाचं), किती आठवडे, कंपनीने काय द्यायचं (एक माणूस, डेटा, सँपल, पोरांना जेवण), शेवटी हातात काय मिळणार. पैसे तीन टप्प्यात, ४० टक्के सुरुवातीला, ४० मधल्या रिपोर्टला, २० शेवटी. शेवटचे २० बऱ्याचदा अडकतात हे गृहीत धरून चाला.

पैसे कॉलेजच्या खात्यातच. कॅश घेऊन खिशात घालणारे सर प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांच्यामुळेच मॅनेजमेंट सगळ्यांकडे संशयाने बघतं. कॉलेजची कन्सल्टन्सी पॉलिसी नसेल तर आधी ती मंजूर करून घ्या, गव्हर्निंग बॉडीचा ठराव लागतो. संस्थेला ३० टक्के, टीमला ७० असं बऱ्याच ठिकाणी असतं, ४०-६० पण बघितलंय. मशीनच्या मेंटेनन्सला वेगळा १० टक्के काढून ठेवा असं मी सुचवेन, नाहीतर इंडेंटर तुटला की कोण देणार.

जीएसटी हा मोठा गोंधळ. कॉलेजची फी करमुक्त म्हणून कन्सल्टन्सी पण करमुक्त, असं समजून चालतात. तसं नाही, टेस्टिंग आणि कन्सल्टन्सीवर १८ टक्के लागतो. कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं त्यामुळे तो कुरकुरत नाही, पण तुम्ही बिलात दाखवला नाही आणि मागाहून नोटीस आली तर ते तुमच्या वाट्याला येतं. अनुदानावर केलेल्या संशोधनाचं वेगळं आहे. सप्टेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत ठरलं की सरकारी संस्था, किंवा १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३५ खाली अधिसूचित असलेली विद्यापीठं, कॉलेजं, संशोधन संस्था यांनी सरकारी वा खाजगी ग्रँटवर केलेल्या संशोधनाला जीएसटी नाही. तुमचं खाजगी विनाअनुदानित कॉलेज त्या यादीत आपोआप बसत नाही, हे सीएकडून एकदा लेखी घ्या. आणि कोणी जुनं पुस्तक दाखवून सांगेल की कंपनीला संशोधनावर २०० टक्के वजावट मिळते, ते दिवस गेले, १ एप्रिल २०२० पासून १०० टक्केच.

पायरी ५: पोरं

सगळ्यात नाजूक भाग हा. कारखान्याच्या दृष्टीने इंटर्न म्हणजे एक तर फुकटचा मजूर नाहीतर पायात पायात येणारं कार्टं. दोन्ही होऊ द्यायचं नाही. नवीन शैक्षणिक धोरणात आता बीए-बीकॉम-बीएस्सीला सुद्धा ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, आलंय, साधारण ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. १२० तास म्हणजे जेमतेम तीन आठवडे, त्यात पोरगं शॉपमध्ये कुठला टॉयलेट कुठे हेच शिकतं. शक्य असेल तिथे एकाच कंपनीत एकामागून एक बॅच पाठवा, पहिल्या बॅचने जिथे सोडलं तिथून दुसरीने उचलायचं, वही एकच. आमचा तो सँडचा डेटा आता चौथ्या बॅचच्या हातात आहे.

पाठवण्याआधी काही गोष्टी, टाळू नका:

अपघात विमा, प्रत्येक विद्यार्थ्याचा, कॉलेजच्या नावाने. पालकांचं संमतीपत्र. शूज, हेल्मेट, गॉगल कोण देणार हे लेखी. मुलींसाठी दुसरी शिफ्ट किती वाजता संपते आणि घरी कसं जाणार, हे पहिल्याच दिवशी विचारायचं, त्यांना ‘रिस्क नको’ म्हणून लॅबमध्ये बसवून ठेवायचं हा सोपा मार्ग आहे आणि चुकीचा आहे. कारखान्याकडून एक नाव, ज्याला पोरं रोज विचारू शकतील. आपल्याकडून आठवड्याला एक चक्कर, फोनवर नाही, प्रत्यक्ष.

पास झाल्यानंतर वर्षभर ठेवायचं असेल तर नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवरून अप्रेंटिस म्हणून घ्यायला सांगा. २०१९ च्या दुरुस्तीत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० आणि डिप्लोमाला ८,००० ठरले होते आणि त्यातला अर्धा हिस्सा केंद्र सरकार देतं, आकडे बदलत असतात म्हणून पोर्टलवर चालू दर बघूनच मालकाला सांगा. बऱ्याच छोट्या मालकांना अर्धे पैसे परत येतात हेच माहीत नसतं. पश्चिम भारताचं अप्रेंटिसशिप बोर्डाचं ऑफिस मुंबईत सायनला आहे.

पायरी ६: कागद

मला ठेच लागली ती इथे. एका पोराने फेटलिंगमधले क्रॅक गेलेल्या कास्टिंगचे फोटो लिंक्डइनवर टाकले, कॅप्शनमध्ये कंपनीचं नाव, हॅशटॅग ग्रेटफुल. त्याचा हेतू चांगला होता बिचाऱ्याचा. पण तो फोटो त्या फौंड्रीच्या पुण्यातल्या पार्टीने बघितला. मला गेटवरूनच परत पाठवलं आणि पुढची दोन वर्षं तिकडचा दरवाजा बंद. तेव्हापासून एक पानाचा गोपनीयतेचा कागद, मराठीत, प्रत्येक पोराची सही, आणि फोन गेटवर जमा.

त्यापुढे काम मोठं असेल, म्हणजे नवीन काही बनवायचं असेल, तर करार करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा स्टॅम्प पेपर गेला, आता किमान ५०० चा. करारात चार गोष्टी आल्याच पाहिजेत. एक, आधीपासून कोणाचं काय होतं ते ज्याचं त्याचं. दोन, नवीन जे तयार होईल ते कोणाचं. माझं साधं सूत्र असं की कंपनीने पूर्ण खर्च दिला आणि प्रश्न तिचाच असेल तर हक्क कंपनीचा, कॉलेजला शिकवायला आणि संशोधनाला वापरायची मुभा. खर्च अर्धा-अर्धा असेल तर दोघांचा, पण मग पेटंटची फी कोण भरणार हे त्याच वाक्यात लिहा. तीन, पेपर. कंपनीला ड्राफ्ट दाखवायचा, तिने ६० दिवसात हरकत घ्यायची, नाही घेतली तर छापायला मोकळे. नाहीतर एमटेकचं पोरगं थिसिस घेऊन बसतं आणि कंपनीचा लीगल विभाग झोपलेला. व्हायवा बंद खोलीत घेता येतो का ते विद्यापीठाला आधीच विचारा. चार, काम मधेच थांबलं तर आत्तापर्यंतचे पैसे कसे.

पेटंटचं थोडक्यात. आधी अर्ज, मग पेपर, मग कॉन्फरन्स. उलटं केलं तर काही मोजके अपवाद सोडून नावीन्य संपलं, पुढे काही करता येत नाही. घाई असेल तर प्रोव्हिजनल अर्ज टाका, त्यापुढे १२ महिन्यात पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावं लागतं. शिक्षण संस्थांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये. तपासणीची मागणी आता ३१ महिन्यांच्या आत करावी लागते, पूर्वी ४८ होते, तारीख चुकली की अर्ज मेला. आणि कृपा करून नॅकच्या मार्कांसाठी पेटंट टाकू नका, ‘सोलरवर चालणारा स्मार्ट डस्टबिन’ दर वर्षी कितीजण टाकतात देव जाणे.

पायरी ७: कारखान्यातला माणूस वर्गात

गेस्ट लेक्चरला कंपनीच्या डायरेक्टरला बोलवू नका, तो ‘ड्रीम बिग’ सांगून जातो. मेल्टिंगच्या सुपरवायझरला बोलवा, तो मराठीत सांगेल आणि पोरं ऐकतील. जास्त काळासाठी हवं असेल तर यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसच्या, म्हणजे धंद्यातल्या अनुभवी माणसाला शिकवायला घ्यायच्या, मार्गदर्शक सूचना काढल्यात. किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो, पीएचडीची अट नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतात, आणि एकूण मुदत जास्तीत जास्त चार वर्षं. पैसे कंपनी देऊ शकते, कॉलेज देऊ शकतं किंवा मानद. आमच्याकडे मानद घेतले, रिटायर्ड पॅटर्नमेकर-कम-मेथड इंजिनिअर. पहिल्या लेक्चरला पीपीटी नाही म्हणून पोरं हसली, दुसऱ्या आठवड्यात बाकांवर जागा नव्हती.

पायरी ८: बाहेरचा पैसा

हा भाग मुद्दाम शेवटी, कारण लोक इथूनच सुरू करतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, टर्नओव्हर १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामावर, घालावे लागतात. आपल्या शिरोली-गोकुळ शिरगावातल्या मधल्या कंपन्याही ५ कोटी नफ्यात येतात. पण परिशिष्ट ७ मध्ये संशोधनाच्या कलमात सार्वजनिक निधीवर चालणारी विद्यापीठं आणि सरकारने निधी दिलेले इन्क्युबेटर आहेत, खाजगी कॉलेजने मशीन मागायचं तर शिक्षण आणि कौशल्य या कलमातून मागावं लागतं, अर्ज तसा लिहा. आणि सीएसआर देऊन त्या बदल्यात कंपनीचंच काम करून घेणं हे चालत नाही, दोन्ही फाइली वेगळ्या ठेवा.

केंद्राचं संशोधनाला पैसे देणारं एएनआरएफ २०२३ च्या कायद्याने आलं, पाच वर्षांसाठी ५०,००० कोटींची कल्पना आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून, म्हणजे उद्योगांकडून, यावा अशी अपेक्षा. तिथे अर्ज करताना सोबत कंपनीचं पत्र असेल तर फरक पडतो, आणि ते पत्र तुम्हाला तोच मालक देईल ज्याच्या रिजेक्शनच्या ढिगापाशी तुम्ही उभे राहिला होतात. ‘आम्ही पाठिंबा देतो’ एवढंच पत्र घेऊ नका, ‘इतके तास फर्नेस, इतके सँपल, अमुक माणूस’ असं लिहून घ्या.

मालकांसाठी दोन शब्द

कारखानदार वाचत असतील तर, प्राध्यापकाला दुसऱ्या दिवशी रिझल्ट मागू नका, पण दर आठवड्याला एक पान मागा. पोरांना ऑपरेटरची रजा भरून काढायला वापरू नका. डेटा द्यायचा नसेल तर काम देऊ नका, अर्धवट आकड्यावर केलेला रिपोर्ट चुकीचाच येणार आणि मग तुम्हीच म्हणणार की कॉलेजवाल्यांना काय कळतंय. आणि शेवटचे २० टक्के वेळेवर द्या राव.

आणि आता एमओयू

दोन-तीन कामं पार पडली, पीओ आले, एखादा पोरगा तिथेच लागला, मग करा एमओयू. तेव्हा त्यात लिहायला काहीतरी असतं. दोन्हीकडची नावं लिहिताना पदाबरोबर ‘त्यांच्या गैरहजेरीत कोण’ हेही लिहा, एचआर सोडून जातातच. मुदत तीन वर्षं, त्यापेक्षा जास्त नको. वर्षाला किती विद्यार्थी, किती टेस्ट, किती लेक्चर असे आकडे घाला, आणि दोन महिन्यातून एक मीटिंग, एकदा त्यांच्याकडे, एकदा आपल्याकडे, वार ठरवून. आम्ही बुधवार ठरवला, दुपारी चार, मोल्डिंगच्या शिफ्टनंतर. त्या फौंड्रीशी आमचा एमओयू मागच्या वर्षी झाला, फ्लेक्स छापायचा राहून गेला, लॅब असिस्टंट मामांची सही मात्र साक्षीदार म्हणून घेतली.